परत घेतलेलं बेट कुणाला परत मिळालं?

१५ ऑगस्ट १९४३. आपल्याकडे ही तारीख मोठी व्हायला अजून चार वर्षं होती. त्या सकाळी उत्तर पॅसिफिक महासागरातल्या किस्का नावाच्या बेटावर अमेरिकन आणि कॅनेडियन सैनिक उतरायला लागले. एकूण फौज सुमारे ३४ हजारांची, त्यात पाच हजारांहून जास्त कॅनडाचे. जपानी सैन्य वर डोंगरात दबा धरून बसलं असणार, अशी बहुतेकांची खात्री होती. धुकं इतकं दाट की थोड्या अंतरावरचा माणूसही नुसती सावली वाटावा. सावली हलली की गोळी सुटायची. आणि समोरूनही गोळी यायची.

दोन-तीन दिवसांनी चित्र स्पष्ट झालं. बेटावर एकही जपानी सैनिक नव्हता. ते सगळे १८ दिवस आधीच निघून गेले होते. समोरून येणाऱ्या गोळ्या आपल्याच माणसांच्या होत्या. बेटावर जिवंत सापडली ती काही कुत्री.

‘रिकाम्या बेटावरचा हल्ला’ म्हणून ही गोष्ट इंटरनेटवर अधूनमधून फिरते आणि लोक हसून पुढे जातात. पण ती जिथून सुरू होते आणि जिथे संपते, ती दोन्ही टोकं पाहिली की हसू येत नाही. शत्रूने घेतलेलं बेट परत घ्यायचं म्हणजे नक्की काय करायचं? आणि परत घेतल्यावर ते द्यायचं कुणाला? या मोहिमेत पहिल्या प्रश्नावर हजारो माणसं, शेकडो विमानं आणि जहाजं खर्ची पडली. दुसरा प्रश्न कुणी फारसा विचारलाच नाही.

नकाशाचा कोपरा

फोनवर नकाशा उघडा आणि अलास्काच्या डाव्या कोपऱ्यात या. तिथून बेटांची एक लांबलचक माळ रशियाच्या दिशेने गेलेली दिसेल. ही अल्यूशन बेटं. लांबी साधारण १,९०० किलोमीटर. अमेरिकेने १८६७ साली रशियाकडून ७२ लाख डॉलरला अलास्का विकत घेतलं, त्या सौद्यात ही बेटंही आली. माळेच्या पार शेवटच्या टोकाला आहे अट्टू. ते इतकं पश्चिमेला आहे की तिथे रेखांश ‘पूर्व’ होतो. त्याला अमेरिकेच्याच तारखेत ठेवण्यासाठी आंतरराष्ट्रीय वाररेषा वाकवावी लागली आहे.

इथे झाडं नाहीत. ज्वालामुखीचे डोंगर, त्यांच्या उतारावर गवत आणि शेवाळाचा ओला, स्पंजासारखा थर. त्यावर गाडी नेली तर चाकं रुततात, माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. उत्तरेकडचं थंड पाणी आणि दक्षिणेकडून येणारा कोमट प्रवाह इथे भेटतात, त्यामुळे धुकं आणि वादळ कायमचं. डोंगरावरून अचानक कोसळणाऱ्या वाऱ्याला तिथे ‘विलीवॉ’ असं खास नावच आहे.

या बेटांवर हजारो वर्षं उनांगन लोक राहत आले. बाहेरच्यांनी त्यांना अल्यूट हे नाव दिलं. अठराव्या शतकात रशियन फर-व्यापारी आले, त्यांनी अट्टूच्या लोकांची कत्तल केली. ज्या उपसागराकाठी ती झाली त्याचं इंग्रजी नाव आजही मॅसॅकर बे, म्हणजे कत्तलीचा उपसागर. १९४२ साली अट्टूवर एकच गाव उरलं होतं, चिचागॉफ हार्बरच्या काठी. वस्ती चाळीसच्या आसपास. एक छोटं चर्च. पुरुष कोल्हे पकडायचे आणि मासेमारी करायचे. बायका किनाऱ्यावरच्या गवताच्या इतक्या बारीक विणीच्या टोपल्या करायच्या, की संग्रहालयांत त्या आजही कौतुकाने मांडलेल्या असतात. शिवाय बाहेरून आलेलं एक वयस्कर जोडपं होतं. शिक्षिका एटा जोन्स आणि रेडिओवरून हवामानाची माहिती पाठवणारे त्यांचे पती चार्ल्स फॉस्टर जोन्स.

जून १९४२

१९४२चा पूर्वार्ध जपानचा होता. सिंगापूर, रंगून, फिलिपिन्स एकामागून एक पडत होते. २३ मार्चला पोर्ट ब्लेअर गेलं आणि अंदमानही जपानच्या ताब्यात आलं. जूनच्या सुरुवातीला जपानने मिडवेची मोठी मोहीम काढली आणि तिच्यासोबतच उत्तरेला दुसरी. ३ आणि ४ जूनला अल्यूशनमधल्या डच हार्बर या अमेरिकन तळावर बॉम्ब पडले. ६ जूनला जपानी किस्कावर उतरले, ७ जूनला अट्टूवर.

किस्कावर अमेरिकन नौदलाचं दहा जणांचं हवामान केंद्र होतं. त्यांतला विल्यम हाउस डोंगरात पळाला. गवत आणि मुळं खात त्याने सुमारे ५० दिवस काढले आणि शेवटी भुकेने खंगून तो स्वतःच शरण आला. अट्टूवर चार्ल्स जोन्स मारले गेले. एटा जोन्सना जपानला नेलं गेलं.

सप्टेंबरमध्ये गावकऱ्यांना जहाजात बसवून जपानच्या होक्काइडो बेटावरच्या ओतारू शहरात नेलं. नेलेल्यांत निक गोलोडॉफ नावाचा सहा वर्षांचा मुलगा होता. एका जपानी सैनिकाच्या पाठीवर बसलेल्या निकचा फोटो पुढे प्रसिद्ध झाला. फोटोत सैनिक हसतो आहे. पण ओतारूमध्ये या लोकांच्या वाट्याला आलं ते चिकणमाती खणण्याचं काम, अपुरं अन्न आणि क्षयरोग. गावचे मुखिया माइक होडिकॉफ तिथेच वारले. युद्ध संपेपर्यंत नेलेल्यांपैकी जवळपास निम्मे मेले होते.

पायांनी हरवलेली लढाई

अमेरिकेच्या दृष्टीने ही बेटं लष्करी अर्थाने फार मोलाची होती का, यावर आजही वाद आहेत. त्या हवेत तिथून मोठा हल्ला चालवणं दोन्ही बाजूंना अवघड होतं. पण उत्तर अमेरिकेतली आपली जमीन परक्या सैन्याने घेतली, ही गोष्ट अमेरिकेत १८१२च्या युद्धानंतर पहिल्यांदाच घडत होती. ती तशीच सोडणं राजकीयदृष्ट्या अशक्य होतं.

मग एकेक बेट पुढे सरकत तळ उभे राहिले. ऑगस्ट १९४२मध्ये एडॅकवर, जिथे एका खाजणातलं पाणी हटवून धावपट्टी केली गेली. जानेवारी १९४३मध्ये अ‍ॅमचिटकावर. २६ मार्चला कोमांडोर्स्की बेटांजवळ दोन्ही आरमारं समोरासमोर आली. विमानांचा भाग नसलेली, फक्त तोफांची लढाई, त्या युद्धात दुर्मीळ झालेली. जपानी रसदीचा ताफा मागे फिरला. त्यानंतर अट्टू आणि किस्काला जे काही मिळालं ते मुख्यतः पाणबुडीतून.

किस्कावर जपानी जास्त होते, अट्टूवर कमी. म्हणून किस्का ओलांडून आधी अट्टू घ्यायचं ठरलं. नंतर पॅसिफिकभर अमेरिकेने वापरलेली ‘मजबूत बेट टाळून पुढचं घ्या’ ही पद्धत इथे लवकरच दिसते. योजना कागदावर चांगली होती. निवडलेली तुकडी मात्र सातवी इन्फन्ट्री डिव्हिजन, जिचा सराव कॅलिफोर्नियात वाळवंटातल्या लढाईसाठी झाला होता.

११ मे १९४३ला सैनिक उतरले, मुख्य तुकड्या त्याच मॅसॅकर बेवर. किनाऱ्यावर विरोध नव्हता. कर्नल यासुयो यामासाकींनी आपली सुमारे अडीच हजार माणसं वर डोंगरात, धुक्याच्या रेषेच्या आत बसवली होती. वरून खालचं दिसायचं, खालून वरचं नाही. दोन-तीन दिवसांत संपेल म्हणून हिशोब केलेली लढाई चिखलात अडकली. पाचव्या दिवशी अमेरिकन सेनापती जनरल ब्राउन यांना हटवून जनरल लँड्रम यांना आणलं गेलं.

सैनिकांच्या पायांत चामड्याचे बूट होते. ते पाणी शोषायचे आणि सुकायला जागाच नव्हती. दिवसचे दिवस ओल्या थंडीत राहून पाय सुजायचे, बधिर व्हायचे, सडायचे. लष्कराच्या हिशोबात अट्टूवर ५४९ अमेरिकन मारले गेले आणि १,१४८ जखमी झाले. थंडीने निकामी झालेले सुमारे १,२०० होते. म्हणजे शत्रूच्या गोळ्यांनी जितके जखमी केले, त्याहून जास्त माणसं ओल्या बुटांनी बाद केली. चुकीच्या परिस्थितीत तपासलेली गोष्ट खऱ्या परिस्थितीत कशी मोडते, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं. माझ्या कामात अशा वेळी सर्व्हर बंद पडतो. इथे पाय कापावे लागत होते.

२९ मेची पहाट

जपानी बाजूला एक डॉक्टर होता. पॉल नोबुओ तात्सुगुची. तो ख्रिश्चन होता आणि त्याचं वैद्यकीय शिक्षण कॅलिफोर्नियात झालं होतं. ज्या देशात तो शिकला, त्याच देशाचे सैनिक आता खालून वर येत होते. तो डायरी लिहीत होता. शेवटची नोंद २९ मेची आहे. तीत तो लिहितो की हलवता न येणाऱ्या जखमींना संपवण्यात आलं. मग तो पत्नीचा आणि मुलींचा निरोप घेतो. ही डायरी अमेरिकनांच्या हाती लागली, तिचं भाषांतर झालं आणि प्रती सैनिकांमध्ये हातोहात फिरल्या. ज्याला मारायचं त्याच्या घरात कोण आहे, हे त्यातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळलं असेल.

त्या पहाटे यामासाकींनी उरलेल्या माणसांना घेऊन शेवटचा हल्ला केला. ते अमेरिकन फळी फोडून थेट पिछाडीला पोहोचले. तिथे रस्ते बांधणारे, सामान वाहणारे, वैद्यकीय पथकाचे लोक होते. एका टेकडीवर बांधकामवाल्या इंजिनीअर तुकडीने मिळेल ते हत्यार उचलून त्यांना थोपवलं. ती टेकडी आज इंजिनीअर हिल म्हणून ओळखली जाते. हल्ला मोडल्यावर उरलेल्या अनेक जपानी सैनिकांनी हातबॉम्ब स्वतःच्या छातीशी धरले.

अमेरिकनांनी २,३५१ जपानी मृतदेह पुरले. जिवंत सापडले २८.

टोकियोने या घटनेला एक शब्द दिला, ‘ग्योकुसाई’. शब्दशः अर्थ रत्नाने फुटून जाणं. कौलासारखं साबूत राहण्यापेक्षा रत्नासारखं फुटणं बरं, असा त्यामागचा जुना चिनी संदर्भ. जपानी सैन्याने अधिकृत घोषणेत हा शब्द पहिल्यांदा अट्टूसाठी वापरला आणि पुढे सायपानपर्यंत तो वापरला जात राहिला. रसद तोडली गेलेली, मदत नाकारली गेलेली माणसं होती ती. एका सुंदर शब्दाने त्यांना मदत का गेली नाही, हा प्रश्नच झाकून टाकला.

ठिपके आणि शांतता

आता किस्का. तिथे पाच हजारांहून जास्त जपानी होते आणि अट्टू पडल्यावर ते पुरते एकटे पडले. या वेळी टोकियोने त्यांना काढून आणायचं ठरवलं. काम दिलं रिअर अ‍ॅडमिरल मासातोमी किमुरा यांना. त्यांना हवं होतं धुकं. जुलैच्या मध्यात ते आले, थांबले, धुकं विरळ आहे असं पाहून परत फिरले. वरिष्ठांनी बोल लावले. किमुरांनी ते ऐकून घेतलं आणि पुढच्या धुक्याची वाट पाहिली.

त्याच सुमारास अमेरिकन आरमाराच्या रडारवर ठिपके उमटले. २६ जुलैच्या रात्री युद्धनौकांनी त्या ठिपक्यांवर १४ इंची ५१८ आणि ८ इंची ४८७ गोळे डागले. १४ इंची एका गोळ्याचं वजन सहाशे किलोच्या वर. ताफ्यातल्या काही जहाजांच्या रडारवर तर ठिपके दिसतच नव्हते. सकाळी पाहिलं तर समुद्रावर ना अवशेष, ना तेल. तिथे कुणीच नव्हतं. ते समुद्रपक्ष्यांचे थवे असावेत, असं आज मानलं जातं. इतका दारूगोळा संपल्यावर ताफा इंधन आणि गोळे भरायला मागे गेला.

२८ जुलैला किस्काभोवतीचा पहारा असा सैल असताना किमुरांची जहाजं धुक्यातून बंदरात शिरली. ५५ मिनिटांत ५,१८३ माणसं चढली. वेळ वाचावा म्हणून सैनिकांनी बंदुका समुद्रात टाकल्या. जहाजं निघून गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

पुढची दोन-अडीच आठवडे बेट काय सांगत होतं? रेडिओ बंद. हवाई फोटोंत वाहनं जागची हलत नव्हती. विमानविरोधी तोफा जवळपास गप्प. तरीही काही वैमानिक म्हणाले की खालून थोडा मारा झाला. मरीन दलाचे जनरल हॉलंड स्मिथ यांनी सुचवलं, आधी काही माणसं पाठवून पाहा. ते मानलं गेलं नाही. अ‍ॅडमिरल किंकेड यांचा हिशोब असा की बेट रिकामं असेल तर चांगला सराव होईल, नसेल तर तयारीत राहिलेलं बरं.

याला नुसता मूर्खपणा म्हणणं सोपं आहे. पण तीनच महिन्यांपूर्वी अट्टूवरही किनारा असाच शांत होता. तिथे शांततेचा अर्थ होता की शत्रू डोंगरात बसला आहे. ज्यांनी ती शिकवण ५४९ माणसं देऊन घेतली, त्यांना किस्काची शांतता वेगळी वाचता आली नाही. मॉनिटरिंगचं काम करणाऱ्यांना हा पेच रोज भेटतो. आलेखावर शून्य दिसणं वेगळं आणि माहितीच न येणं वेगळं. पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसतात, आणि मग आपण आधीच्या अपघाताच्या आठवणीने मधली जागा भरतो. रडारवरच्या ठिपक्यांत शत्रू दिसला आणि रिकाम्या बेटाच्या गप्प बसण्यातही शत्रूच दिसला.

रिकामं बेट घेण्याची किंमत तीनशेहून अधिक माणसांनी मोजली, मृत, जखमी आणि थंडीने आजारी धरून. काही आपल्याच गोळ्यांनी गेले, काही मागे ठेवलेल्या सुरुंगांनी. १८ ऑगस्टला ‘अ‍ॅबनर रीड’ ही विनाशिका पाणसुरुंगावर गेली, तिचा मागचा भाग तुटून बुडाला आणि सुमारे ७० खलाशी गेले. तो तुटलेला भाग २०१८ साली समुद्रतळाशी सापडला.

परत म्हणजे कुणाकडे?

मोहीम संपली. दोन्ही बेटं परत मिळाली. पण या गोष्टीला एक भाग आहे जो लढाईच्या नकाशांवर नसतो.

जपानी आल्यावर अमेरिकन सरकारने बाकीच्या बेटांवरच्या आणि प्रिबिलॉफ बेटांवरच्या उनांगन लोकांना ‘सुरक्षिततेसाठी’ हलवलं. नऊ गावांतले ८८१ लोक, हाताला लागेल तेवढं सामान घेऊन, आग्नेय अलास्कातल्या दाट जंगलात. राहायला दिले बंद पडलेले मासळीचे कारखाने आणि एक जुनी सोन्याची खाण. स्वच्छ पाणी नाही, डॉक्टर जवळपास नाही. झाड नसलेल्या, चारही बाजूंनी समुद्र दिसणाऱ्या बेटांवरची ही माणसं तिथे आजारी पडत गेली. साधारण दहापैकी एक जण परत आला नाही. प्रिबिलॉफच्या पुरुषांना मात्र १९४३मध्ये मधेच परत नेलं, कारण सरकारला सीलची कातडी हवी होती. अ‍ॅटका गाव शत्रूच्या हाती लागू नये म्हणून अमेरिकन नौदलाने स्वतः जाळलं होतं. बाकीचे लोक घरी परतले तेव्हा अनेक घरं आणि चर्चेस अमेरिकन सैनिकांनीच लुटलेली होती.

म्हणजे शत्रूने नेलेले ओतारूमध्ये मरत होते आणि स्वतःच्या सरकारने नेलेले अलास्कात. दोन्हीकडे कारण भूक, क्षय, न्यूमोनिया आणि दुर्लक्ष.

१९४५मध्ये ओतारूहून वाचलेले अट्टूचे लोक सुटले. त्यांना घरी जायचं होतं. सरकारने सांगितलं, एवढ्या थोड्या लोकांसाठी गाव पुन्हा उभं करता येणार नाही. त्यांना अ‍ॅटकावर वसवलं गेलं, शेकडो किलोमीटर पूर्वेला, दुसऱ्या बोलीच्या माणसांत. अट्टूची स्वतःची बोली होती. ती आज कुणी बोलत नाही. बोली मरायला युद्धच लागतं असं नाही, पण बोलणारे चाळीस असतील, त्यातले निम्मे गेले आणि उरलेल्यांचं गाव गेलं, की ती किती पिढ्या टिकणार?

१० ऑगस्ट १९८८ला अमेरिकेने कायदा करून माफी मागितली. तोच कायदा ज्याने युद्धकाळात डांबलेल्या जपानी वंशाच्या अमेरिकनांना प्रत्येकी २० हजार डॉलर दिले. हयात असलेल्या उनांगन लोकांना मिळाले १२ हजार. अट्टूच्या जमिनीची भरपाईही त्यातच धरली गेली. भरपाई म्हणजे बेट परत मिळणार नाही, याची पावतीच.

अंदमानशी तुलना करून पाहावीशी वाटते. अंदमान परत घेण्यासाठी अशी लढाई झाली नाही. १९४५मध्ये शरणागती होईपर्यंत जपानी तिथेच राहिले आणि लोकांनी त्या साडेतीन वर्षांत भयंकर छळ सोसला. तेव्हा ‘बेट सोडून द्यायला हवं होतं’ हे उत्तरही सरळ नाही. शत्रूच्या ताब्यात राहण्याची किंमतही तिथल्याच माणसांनी मोजली असती. माझा आक्षेप बेट परत घेण्याला नाही. परत घेण्याच्या सगळ्या योजनेत धावपट्टी होती, इंधन होतं, दारूगोळा होता, आणि गावाचा रकाना कुठेच नव्हता, याला आहे.

निक गोलोडॉफ वाचला. म्हातारपणी त्याने आठवणी सांगितल्या, २०१२मध्ये त्यांचं ‘अट्टू बॉय’ हे पुस्तक आलं. पुढच्याच वर्षी तो गेला. अट्टूवर युद्धानंतर अनेक दशकं अमेरिकन तटरक्षक दलाचं लोरान केंद्र होतं. जहाजांना आपण कुठे आहोत हे सांगणारं, जीपीएसच्या आधीचं तंत्र. २०१०मध्ये तेही बंद झालं आणि शेवटची माणसं निघून गेली. इंजिनीअर हिलवर जपान सरकारने १९८७ साली उभारलेलं शांततेचं स्मारक आहे. बेट अभयारण्य आहे, पक्षी भरपूर आहेत.

चिचागॉफ हार्बरच्या काठी मात्र आता घरं नाहीत. बेट परत मिळून ८० वर्षं उलटली, तिथे कुणीही राहत नाही.